तू ओढून आणलं नाहीस

*वाचकाचं पत्र*

प्रिय ताई,

मी इचलकरंजीची. वय २९. जवळच्या गावातल्या प्राथमिक शाळेत शिकवते. गेल्या श्रावणात मला दिवस राहिले होते. दहाव्या आठवड्यात सोनोग्राफी केली तेव्हा ठोके मिळाले नाहीत. त्याआधी महिनाभर मी रोज रात्री मोबाईलवर ‘गर्भपात का होतो’ हेच वाचत होते, कारण शेजारच्या वहिनींचं तसं झालं होतं. दिवाळीनंतर एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून अंतर्मनाची शक्ती शिकवणाऱ्या ऑनलाइन कार्यशाळेत नाव घातलं. तिथल्या मार्गदर्शकांना माझं सगळं सांगितलं, तर ते सगळ्यांसमोर म्हणाले, “तुम्ही ज्याची भीती धरलीत, तेच तुमच्या अंतर्मनानं ओढून आणलं.”

तेव्हापासून झोप उडाली आहे. जिकडेतिकडे पोटुशा बायकाच दिसतात. एसटी स्टँडवर, मंडईत, शाळेच्या फाटकाशी. मोबाईल उघडला की लंगोट आणि पाळण्याच्या जाहिराती. घड्याळ बघावं तर ११:११. मार्गदर्शक म्हणतात हे संकेत आहेत, वहीत सकाळी ३, दुपारी ६ आणि रात्री ९ वेळा ‘मी आई झाले आहे’ असं लिहा. लिहिते. एखादी वेळ चुकली की धडकी भरते. आता पुढच्या पातळीसाठी १५ हजार मागतात.

धाकट्या जावेच्या डोहाळजेवणाला मी गेले नाही. माझी नजर लागेल असंच तिला वाटत असणार. तिचाही आता फोन येत नाही. पुढच्या महिन्यात बारसं आहे. घरी हे कामावरून येतात, जेवतात, गच्चीवर जाऊन बसतात. त्या विषयावर एक शब्द नाही. दर शनिवारी डाळिंबं तेवढी आणतात, ती मला आता बघवत नाहीत.

माझ्या विचारांनीच माझं बाळ गेलं का? मला धाकटी बहीण समजून खरं सांगा.

*ताईचं उत्तर*

प्रिय बहिणी,

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते मिळेपर्यंत बाकीचं काही तुझ्या मनात शिरणार नाही. नाही. तुझ्या विचारांनी बाळ गेलं नाही. भीतीनं नाही, रात्री जागून वाचल्यानं नाही, अंतर्मनानं तर नाहीच.

हे मी तुझी समजूत काढायला म्हणत नाही. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ राहत नाही तेव्हा निम्म्या किंवा त्याहून जास्त वेळा कारण गुणसूत्रांत असतं. बीज तयार होताना किंवा गर्भाच्या अगदी पहिल्या विभागण्या होताना एखादं गुणसूत्र जास्त येतं, नाहीतर कमी पडतं, आणि त्या गर्भाची वाढ पुढे जाऊच शकत नाही. हे घडतं कधी? तुझी पाळी चुकायच्याही आधी. तू चाचणीची पट्टी बघितलीस, घरात पेढे आले, मग वहिनींची आठवण होऊन तुला धास्ती वाटू लागली. या सगळ्याच्या आधी ते ठरून गेलेलं असतं. तुझ्या पोटातल्या गर्भाचं नेमकं काय झालं ते मी इथे बसून सांगू शकत नाही, ते तुझ्या डॉक्टरांना विचार. पण दुसरी जी कारणं वैद्यकाला माहीत आहेत, म्हणजे थायरॉईडचा बिघाड, आटोक्यात नसलेली साखर, गर्भाशयाच्या रचनेतला दोष, काही संसर्ग, रक्तात गुठळ्या करणारे काही विकार, त्या यादीतही ‘बाईच्या मनात वाईट विचार आला’ असं कारण नाही.

जरा तुझ्या आईला विचार, सासूबाईंना विचार, स्टाफरूममध्ये मुलं असलेल्या प्रत्येकीला विचार: दिवस राहिल्यावर एकदाही वाईट कल्पना मनात आली नव्हती, असं किती जणी म्हणतील? माझ्या ओळखीत तरी अशी एक बाई नाही. भीती वाटली आणि बाळ सुखरूप झालं, अशा बायका तुझ्या अवतीभवती भरलेल्या आहेत. पण बाळ हातात आलं की ती भीती कोण लक्षात ठेवतं? जिचं बाळ राहिलं नाही तीच मागे वळून बघते, ‘मी काय केलं’ म्हणून शोधते, आणि शोधताना तिच्या हाताला भीती लागते. भीती न वाटताही ज्यांचा गर्भ राहिला नाही, त्यांचं तर कुणी नावही काढत नाही. भीती वाटली किंवा नाही, बाळ राहिलं किंवा नाही, अशा चार कप्प्यांपैकी तुझ्या मार्गदर्शकांनी एकच उघडून दाखवला आणि तोच नियम म्हणून सांगितला. दुःखातल्या बाईला सगळ्यांसमोर हे ऐकवलं, याचा मला फार राग आला आहे. १५ हजार भरू नकोस. आधी भरलेले परत मिळत असतील तर माग, मिळत नसतील तर त्यावर पाणी सोड, पण त्या दारात पुन्हा जाऊ नकोस.

आता पोटुशा बायकांकडे येऊ. तुला त्या खरंच दिसतात, भास होत नाहीत. फक्त त्या कालपरवा आलेल्या नाहीत.

माझ्या वडिलांना पक्षाघात झाला आणि घरात चाकाची खुर्ची आली, त्या आठवड्यात मला पुण्यातल्या पायऱ्या दिसायला लागल्या. बँकेच्या दाराशी पाच, दवाखान्याला तीन, आमच्याच इमारतीत लिफ्टपर्यंत पोचायच्या आधी चार. त्या बँकेत मी वीस वर्षं जात होते. कुणी विचारलं असतं, ‘दाराशी पायऱ्या आहेत का?’ तर मला आठवून सांगता आलं नसतं. वडील गेले त्याला आता बरीच वर्षं झाली, तरी नव्या ठिकाणी गेले की माझी नजर आधी उतार शोधते. पायऱ्या मी ओढून आणल्या नव्हत्या. खुर्ची ढकलणाऱ्या बाईचे डोळे मला आले होते, एवढंच.

आपल्या भाषेला हे जुनंच ठाऊक आहे. मनी वसे ते स्वप्नी दिसे, असं आपण म्हणतो. जागेपणीही तेच होतं. डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या बारा कोटींहून जास्त पेशी आहेत, पण तिथून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत धागे साधारण दहा-बारा लाखच. म्हणजे काय पुढे पाठवायचं याची छाटणी डोळ्यातच सुरू होते, आणि मेंदूत ती आणखी कडक होते. ही छाटणी आपल्याला विचारून होत नाही. आपल्याला कळायच्या आत ती झालेली असते. अंतर्मन म्हणून जे म्हणतात त्यात खरं काही असेल तर ते हे आहे, आणि मला ते पुरेसं अद्भुत वाटतं.

तुला जोतिबाच्या चैत्र यात्रेतला गलका आठवत असेल. हलगी, सासनकाठ्या, हजारो माणसं, एक शब्द धड ऐकू येत नाही. तेवढ्यात मागून कुणीतरी तुझ्या नावानं हाक मारतं आणि तू वळतेस. कॉलिन चेरी या ब्रिटिश संशोधकानं १९५३ साली लोकांच्या दोन्ही कानांत दोन वेगळी भाषणं सोडली आणि एकाच कानातलं मोठ्यानं म्हणायला सांगितलं. दुसऱ्या कानात काय चाललंय ते त्यांना सांगता येईना, मधे भाषा बदलली तरी कळलं नाही. पुढे १९५९ मध्ये नेव्हिल मोरे यांनी त्या दुर्लक्षित कानात ऐकणाऱ्याचं स्वतःचं नाव घातलं, तेव्हा साधारण एक तृतीयांश लोकांना ते ऐकू आलं. म्हणजे दार बंद असलं तरी आत कुणीतरी कानोसा घेत बसलेलं असतं, आणि आपलं म्हणून जे असेल त्याला तेवढं आत घेतं. श्रावणापासून तुझ्या मनाला ‘आपलं’ काय आहे ते मी सांगायला नको. उंच झालेलं पोट, पदराखाली ठेवलेला हात, सावकाश पडणारी पावलं. हे सगळं तुझ्या नावानं मारलेल्या हाकेसारखं तुला ऐकू येतं.

याला नावही आहे. अर्नल्ड झ्विकी नावाच्या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञानं २००५ च्या सुमाराला त्याला वारंवारतेचा भास म्हटलं. एखादी गोष्ट नव्यानं मनात शिरली की ती सगळीकडे आहे असं वाटू लागतं. एक तर आपण नकळत तिचा शोध घेत असतो, आणि दिसली की प्रत्येक वेळी मनात नोंद करतो, ‘बघ, पुन्हा.’ न दिसलेल्या वेळांची नोंद कोण ठेवणार?

तू शिक्षिका आहेस म्हणून एक गणित मांडते. २०११ च्या जनगणनेत इचलकरंजीची लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या पुढे होती. महाराष्ट्रात हजार लोकांमागे वर्षाला साधारण १५ बाळं जन्मतात. म्हणजे तुझ्या गावात वर्षाला चार हजारांच्या वर. गरोदरपण नऊ महिन्यांचं, तेव्हा कुठल्याही एका दिवशी गावात तीनेक हजार गरोदर बायका असणार. गेल्या वर्षीही होत्या. तू लग्न होऊन आलीस त्या वर्षीही होत्या. तू त्यांच्या शेजारून भाजीची पिशवी घेऊन गेलीस आणि तुला त्या दिसल्या नाहीत.

पण या गणिताची दुसरी बाजू आहे आणि मला तीच तुला सांगायची आहे. समजून आलेल्या प्रत्येक १०० गरोदरपणांत दहा ते पंधरा पुढे जात नाहीत. म्हणजे त्याच स्टँडवर, त्याच मंडईत, तुझ्यासारख्या बायकाही उभ्या असतात. त्या तुला का दिसत नाहीत? कारण त्यांच्या अंगावर खूण नाही. वाढलेलं पोट लांबून दिसतं, न वाढलेलं कुणाला दिसणार? त्यासाठी ना दहावा असतो, ना कुणी भेटायला येतं. दोन दिवस रजा घ्यायची आणि तिसऱ्या दिवशी हजेरीपट घेऊन वर्गात उभं राहायचं. तुझी नजर खोटं बोलत नाही, पण तिला अर्धंच गाव दिसतं, आणि त्या अर्ध्या गावाकडे बघून तू ठरवलंस की सगळ्यांना आहे, एक मलाच नाही. तुझ्या शाळेतल्या वयानं मोठ्या एखाद्या बाईंपाशी, जिच्यावर विश्वास असेल तिच्यापाशी, एकदा बोलून बघ. मी पैज लावत नाही, पण ‘माझंही झालं होतं’ हे उत्तर येण्याची शक्यता तुला वाटते त्याहून खूप जास्त आहे.

मोबाईलचं सोपं आहे. तू महिनाभर रात्री जे शोधलंस त्यावरून त्यानं ओळखलं की या घरात बाळ येणार. ठोके मिळाले नाहीत हे त्याला कुणी सांगितलं नाही. त्यानं बाजारातला हिशेब मांडला आणि तो अजून तसाच चालवतो आहे. गरोदरपणाचं ॲप असेल तर काढून टाक, शोधाचा इतिहास पूस, जाहिरात आली की ‘यात रस नाही’ दाब. आठवडाभर चिकाटीनं केलंस तर त्या बऱ्याच कमी होतील. ११:११ चं तर आणखी सोपं आहे. दिवसातून तू पन्नास वेळा घड्याळ बघत असशील. १०:४७ ला पाहिलंस ते तुझ्या लक्षात राहतं का?

तुझ्या कार्यशाळेत मेंदूतल्या कुठल्याशा जाळीचंही नाव घेतलं असेल. हल्ली सगळे घेतात. मेंदूच्या देठाशी मज्जापेशींची तशी जाळी आहे. मोरुझ्झी आणि मॅगून या दोघांनी १९४९ मध्ये मांजरांवर प्रयोग करून दाखवलं की ती चेतवली की झोपेतल्या मेंदूच्या लहरी जागेपणीच्या होतात. जागं ठेवणं, सावध करणं हे तिचं मोठं काम. बाहेरच्या जगातून घटना खेचून आणायचं काम तिला कुणीही दिलेलं नाही.

इथे तू म्हणशील, मग विचारांनी काहीच होत नाही का? होतं. आणि तुझ्या घरात ते होतं आहे, म्हणून जावेचं सांगते.

१९७७ मध्ये अमेरिकेत मार्क स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. तरुणांना फोनवर अनोळखी मुलींशी बोलायला दिलं आणि आधी एकेक फोटो हातात ठेवला. काहींना सुंदर मुलीचा, काहींना तसा नसलेला. फोटो त्या बोलणाऱ्या मुलीचा नव्हताच, आणि मुलींना फोटोचं काही माहीतही नव्हतं. नंतर फक्त मुलींचं बोलणं दुसऱ्या लोकांना ऐकवलं. ज्यांच्याशी सुंदर समजून बोललं गेलं होतं त्या मुली ऐकणाऱ्यांना जास्त मोकळ्या, जास्त लाघवी वाटल्या. मनात धरलेलं समोरच्यापर्यंत असं पोचतं: आवाजातून, शब्दांतून, मधे सोडलेल्या जागेतून. त्यात चमत्कार नाही, पण ताकद खूप आहे.

तू मनात धरलंस की जावेला तुझ्या नजरेची भीती वाटते. तसं ती बोललेली नाही, निदान तुझ्या पत्रात तरी तसं काही नाही. तू डोहाळजेवणाला गेली नाहीस. का नाही तेही कळवलं नाहीस. ती पहिलटकरीण, तिची मोठी जाऊ आली नाही. तिनं काय समजायचं? ‘वहिनींना माझा राग आलाय’ किंवा ‘मी फोन केला तर त्यांच्या जखमेवर मीठ.’ म्हणून तिनं फोन थांबवला, आणि तो न आलेला फोन तू पुरावा म्हणून ठेवून घेतलास. ओढून आणणं म्हणतात ते असं होतं, दोन माणसांच्या मधल्या अबोल्यात. गुणसूत्रांवर मनाचं काही चालत नाही, पण जावेच्या फोनवर चालतं, आणि म्हणूनच इथे तुला काही करता येईल.

तिला एक निरोप पाठव. माझे शब्द देते, तुझे करून घे: “तुझ्या डोहाळजेवणाला आले नाही, कारण तिथे बसणं मला झेपलं नसतं. तुझ्यावर राग नव्हता, आजही नाही. बाळ कसं आहे?” बारशाला जायलाच हवं असं नाही. पाळण्याभोवती गाणी चालू असताना तुझ्या पोटात कालवाकालव होणार, आणि चार मावश्या तुझ्याकडे बघून ‘आता तुझा नंबर’ म्हणणार. त्याआधी एखाद्या दुपारी जा, घरात गर्दी नसताना, अर्धा तास. बाळाला घ्यावंसं वाटलं तर घे, नाही वाटलं तर जावेजवळ बस. रडू आलं तर येऊ दे. आणि नजर लागते म्हणून कुणी काही बोललंच, तर तिथून उठून येण्याचा तुला पूर्ण हक्क आहे. आईच्या मायेनं बघणाऱ्या डोळ्यांत विष असतं, हे मी कधीच मानणार नाही.

वहीबद्दल. ती फेकून दे असं मी म्हणत नाही, लिहिण्यानं तुला त्या घडीपुरतं बरं वाटतही असेल. पण ‘मी आई झाले आहे’ हे वाक्य तुला दिवसातून १८ वेळा खोटं बोलायला लावतं, आणि चुकलं की शिक्षाही करतं. जर्मनीत गाब्रिएले ओटिंगेन आणि डोरिस मायर यांनी पदवी घेतलेल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. मनासारख्या नोकरीची गोड चित्रं जे जास्त रंगवत होते, त्यांनी दोन वर्षांत अर्ज कमी केले, त्यांना नोकऱ्याही कमी आल्या आणि पगारही कमी मिळाला. आपल्याला जमेल असा अनुभवावरचा विश्वास ज्यांना होता, त्यांचं मात्र बरं झालं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मनातल्या मनात जेवून घेतलं की चूल पेटवायची घाई राहत नाही. गर्भ राहणं हे नोकरीसारखं अर्ज करून मिळणारं नाही, हे मला कळतं. तरी तुझ्या हातात जेवढं आहे तेवढं वहीत यावं, असं मला वाटतं.

पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञानं ‘अमुक झालं तर मी तमुक करीन’ अशा वाक्यांचा अभ्यास केला आहे. नुसत्या इच्छेपेक्षा अशी ठरवून ठेवलेली वाक्यं जास्त पार पडतात, कारण ती वेळ आली की तुझं तेच छाटणी करणारं मन तिला ओळखतं आणि तयार असतं. वहीच्या नव्या पानावर अशी दोन-तीन लिही. ‘स्टँडवर पोटुशी बाई दिसून गळा दाटला, तर मी पाण्याचे दोन घोट घेईन आणि मनात म्हणेन, मला माझ्या बाळाची आठवण आली.’ बस. संकेत नाही, शिक्षा नाही, आठवण. ‘रात्री मोबाईलवर तेच शोधावंसं वाटलं, तर प्रश्न वहीत लिहीन आणि डॉक्टरांकडे नेईन.’ आणि एक दवाखान्याचं: पुढच्या वेळचा विचार करण्याआधी डॉक्टरांना भेटून थायरॉईड आणि साखर तपासून घे, फॉलिक ॲसिडची गोळी कधीपासून घ्यायची ते विचार. साधारणपणे ती दिवस राहण्याच्या आधीपासून, रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यायला सांगतात, पण तुझं प्रमाण तेच ठरवतील. एकदा असं झालेल्या बहुतेक बायकांचं पुढचं गरोदरपण नीट पार पडतं. लागोपाठ दोनदा झालं तर डॉक्टर कारणांचा सविस्तर शोध घेतात. पुढच्या वेळी तुला भीती वाटेल. वाटू दे. त्या भीतीनं बाळाचं काही बिघडत नाही, हे तेव्हा विसरलीस तर हे पत्र काढून वाच.

झोप येत नाही असं लिहिलंस. तीन-चार महिने उलटून गेले आहेत. दोन आठवड्यांत फरक पडला नाही, जेवण जाईना, शाळेत उभं राहवेना, किंवा जगूच नये असं एकदाही मनात आलं, तर वाट बघू नकोस. १४४१६ हा सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा क्रमांक आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. कोल्हापुरात मानसोपचाराचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे जाण्यात कमीपणा नाही.

सगळ्यात शेवटी, तुझ्या नवऱ्याबद्दल. तू त्यांच्यावर चार ओळी लिहिल्यास आणि त्यातल्या एका ओळीवर मी अडखळले.

१९९९ मध्ये अमेरिकेत डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांनी लोकांना एक चित्रफीत दाखवली. काही माणसं चेंडू एकमेकांकडे टाकतात, किती वेळा टाकला ते मोजायचं. मधेच गोरिलाचा वेश केलेलं माणूस चालत येतं, छाती बडवतं आणि निघून जातं. मोजणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना ते दिसलंच नाही. २०१३ मध्ये तर २४ क्ष-किरणतज्ज्ञांना फुप्फुसाच्या स्कॅनमध्ये गाठी शोधायला सांगितलं आणि चित्रात एक छोटा गोरिला टाकून ठेवला, नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठा. २० जणांना दिसला नाही. त्यांच्या डोळ्यांची हालचाल टिपली होती. त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांची नजर थेट त्यावर पडून गेली होती. ते गाठी शोधत होते. मन लावून, प्रामाणिकपणे.

तू इतके दिवस शब्द शोधते आहेस. ते कधी बोलतील, काय बोलतील, याकडे तुझे कान लागले आहेत, आणि शब्द येत नाहीत म्हणून ‘त्यांना काही वाटत नाही’ असं तू ठरवत आणलं आहेस. मी तुझ्या घरात राहत नाही, माझं चुकेलही. पण दर शनिवारी डाळिंबं आणणं कधी सुरू झालं? श्रावणात ना? रक्त वाढावं म्हणून? मग श्रावण सरला, ठोके मिळाले नाहीत, दिवाळी गेली, आणि अजून दर शनिवारी ते फळवाल्याकडे उभे राहून डाळिंबं निवडतात. कशासाठी, हे कदाचित त्यांनाही सांगता येत नसेल. जेवल्यावर गच्चीवर जाऊन ते काय बघतात, हे तू कधी वर जाऊन पाहिलंस का?

येत्या शनिवारी पिशवी घरात आली की ती फडताळात टाकू नकोस. एक डाळिंब काढ, ताटली घे, गच्चीवर जा. दोघांनी मिळून सोला. सोलायला वेळ लागतो, हात गुंतलेले असतात, एकमेकांकडे बघावं लागत नाही, त्यामुळे बोलणं सोपं जातं. त्यांना एवढंच विचार, “अजून का आणता?” आणि ते काय म्हणाले, ते मला कळव.

तुझी,
ताई